बावन्न दिवस

पेन्सिल थांबली. भुजंगरावांची पेन्सिल सहसा थांबत नसे. मिशनच्या छापखान्यात सव्वीस वर्षे ती कानडी ओळींवरून एकाच चालीने फिरत आली होती. चुकलेल्या अक्षराला तिरकी रेघ, समासात खूण आणि पुढे. आज ती एकतिसाव्या पानावर, वरून अकराव्या ओळीत, चार आकड्यांपाशी थांबली. हिजरी तेराशे पस्तीस. याच वर्षी यरुशलेम तुर्कांच्या हातून सुटले, असे वाक्य होते. अक्षरे बरोबर होती, आकडे सरळ उभे होते, शाई सारखी बसली होती. तरी पायऱ्या संपल्या असे समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी तसे त्यांना झाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. खिडकीबाहेर चिंचेखाली झटकेवाल्यांची टांग्याला जुंपायची घोडी उभी होती. फेब्रुवारीचे ऊन अजून अंगाला बरे वाटत होते आणि घोड्यांच्या घामाचा ओळखीचा वास आत येत होता. काय चुकले आहे ते त्यांना ठाऊक होते. फक्त ते मनात पुरते येऊ द्यायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते. तोवर त्यांनी बाराव्या ओळीतला एक निखळलेला अनुस्वार शोधून काढला, त्याला खूण केली आणि तेवढ्यानेही त्यांना बरे वाटले.

पुस्तक पाद्रीसाहेबांचे होते. आता साहेब सत्तरीचे, उजव्या कानाने बहिरे, आणि येत्या महिन्यात निलगिरीवर राहायला जाणारे. भुजंगराव छापखान्यात लागले तेव्हा ते काळ्या दाढीचे होते आणि घोड्यावरून हुणसूरपर्यंत खेडोपाडी हिंडत. पवित्र शास्त्रातल्या भाकितांचा हिशेब हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्या हिशेबात दिवस म्हणजे वर्ष. अथांग विवरातून निघालेले टोळ म्हणजे अरबस्तानातले घोडेस्वार. त्यांना दिलेले पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, म्हणजे दीडशे वर्षे. फरात नदीपाशी बांधून ठेवलेले चार दूत म्हणजे तुर्क, आणि ती नदी आटणे म्हणजे तुर्कांची सत्ता ओसरणे. भुजंगरावांनी यातले प्रत्येक अक्षर आधी खिळ्यांनी जुळवले होते आणि पुढे प्रुफात तपासले होते, त्यामुळे देवळात ऐकलेल्या कथेपेक्षा हे त्यांना जास्त पाठ होते. विश्वासाचा प्रश्न कधी आला नाही. साहेबांनीही तो फारसा काढला नाही. एकदा मात्र त्यांनी विचारले होते, "भुजंगराव, तुमचे आजोबा शिलेदार होते ना? ते केस लांब ठेवत का?" त्या टोळांना माणसांची तोंडे, बायकांसारखे केस आणि डोक्यावर मुकुट होते म्हणे. आजोबांचे केस पाठीवर रुळायचे, जरीचा फेटा बांधला की मुकुटासारखाच दिसायचा, आणि मुलखावर ते टोळांसारखेच उतरले असतील. हे त्यांनी पुस्तके बांधणाऱ्या दस्तगीरला सांगितले तेव्हा पाने मुडपता मुडपता तो म्हणाला होता, "टोळ तुमचे दादा निकले भुजंगराव. हमारे बावा तो दर्जी थे. घोडे पे चढे सो शादी के दिन, वो बी उतरते वखत गिरे."

हिशेबाचे ते पान कधी मोडले गेले नव्हते. बाकीचे फर्मे छापून झाले की खिळे धुऊन आपापल्या खणात परत जात. हे एक पान दोऱ्याने बांधून, कागदात गुंडाळून, वरच्या फळीवर ठेवलेले असे. पहिल्या आवृत्तीत तुर्कांची सत्ता बुडण्याचे साल १९०६ होते. ते आले आणि गेले. महिनाभराने साहेब म्हणाले, "वचन चुकत नाही, मोजणारा चुकतो." भुजंगरावांनी पान खाली काढले, दोरा सोडला, साल बदलले. तेही साल गेले. तिसऱ्या वेळी साहेबांनी सूर्याची वर्षे सोडून चंद्राची धरली. दानीएलाच्या भाकितात शेवटी तेराशे पस्तीस दिवसांचा आकडा येतो आणि जो वाट पाहत तिथवर पोचेल त्याला धन्य म्हटले आहे. मुसलमानांची सत्ता मोजायची तर मुसलमानांच्याच सालाने मोजावी, आणि हिजरी तेराशे पस्तीस म्हणजे आपले १९१७. हे त्यांनी लढाईच्या कितीतरी आधी मांडून ठेवले होते. त्यानंतर लढाई लागली, म्हैसूरचे रिसाले इजिप्तला गेले आणि त्या रिसाल्यात भुजंगरावांचा मुलगा मानाजीही गेला.

त्याला तीन वर्षे उलटून गेली होती. पत्रे येत, थोडकी आणि एकसारखी: घोडी बरी आहे, वाळू फार आहे, आईला नमस्कार. गेल्या श्रावणात त्याच्या तुकडीतले खंडोजीराव तापाने खंगून परत आले, त्यांच्याबरोबर मानाजीने एक नाणे पाठवले. निकेलचे, मधोमध भोक पडलेले. एका बाजूला इंग्रजी आकड्यांत १९१७ आणि शेजारी किडामुंगीसारखी चार अक्षरे. ती भुजंगरावांना वाचता येईनात. त्यांनी नाणे दस्तगीरपुढे धरले. दस्तगीर जिल्दी बांधायच्या टेबलाशी बसून खळ ढवळत होता. बोट लुंगीला पुसून त्याने नाणे उजेडात नेले. "एक, तीन, तीन, पांच. तेरासो पैंतीस. हमारा साल." भुजंगरावांनी नाणे मुठीत घेतले. ते तसेच साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेबांनी भिंग लावून नाणे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि खुर्चीत बसले. एकाच धातूवर दोन्ही साले शेजारी शेजारी, आणि ते आणले कोणी, तर आपल्याच छापखान्यातल्या माणसाच्या मुलाने. "आता फार दिवस नाहीत, भुजंगराव," ते म्हणाले. "नदी आटली की पोरं घरी येतील."

हे वाक्य भुजंगरावांनी घरी नेले. ते त्यांचे नव्हते, त्यांच्या देवाचेही नव्हते. पण वापरायला हरकत काय, असे त्यांना वाटले. चामुंडीला बोललेला नवस होता, जोतिष्याने काढलेला शनी होता, आणि त्यांच्या शेजारी हे एक स्वच्छ, छापील, बेरीज-वजाबाकीने सिद्ध झालेले आश्वासन होते. सव्वीस वर्षे आकडे तपासलेल्या माणसाला तेच जास्त टिकाऊ वाटले. डिसेंबरात यरुशलेम पडल्याची तार आली. मिशनच्या देवळातली घंटा अर्धा तास वाजत होती. साहेबांनी छापखान्यातल्या सकाळच्या प्रार्थनेत सर्वांपुढे हिशेब मोठ्याने वाचला आणि तेराशे पस्तीसपाशी त्यांचा आवाज फुटला. त्या रात्री भुजंगराव बायकोला, अंबुबाईंना, म्हणाले, "झालं बघ. लिहिलं होतं तसंच झालं. आता येतोच तो." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांना सकाळपर्यंत झोप लागली. तेव्हापासून घरात एक शांतपणा होता. अंबुबाई पुन्हा दुपारच्या शेवया वळायला लागल्या होत्या. भुजंगराव कुक्करहळ्ळीच्या तळ्यापर्यंत फिरून येत. तळ्यावरचे बगळे पाहताना कधी कधी आपण सुखी आहोत असे त्यांच्या लक्षात येई, आणि त्याची त्यांना किंचित लाज वाटे. घंटा वाजत होती तेव्हा दस्तगीर काय करत होता, हेही त्यांना आठवे. तो मान खाली घालून कागदाला हस्तिदंती पट्टीने घड्या घालत होता. प्रत्येक घडी नेहमीसारखी सरळ होती. आपण तिकडे पाहिले नव्हते, हेही त्यांना आठवे.

आणि आता, एकतिसाव्या पानापाशी, त्यांनी ते मनात पुरते येऊ दिले. मानाजी लहानपणी दोनदा गेल्यातच जमा होता. तेव्हा भुजंगरावांच्या आईने बाबय्याला नवस बोलला होता. म्हैसुरात मोहरमला बाबय्याचा सण म्हणतात, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या मराठ्यांच्या घरी तो परक्याचा कधी नव्हता. दरसाल मानाजीला हिरवा अंगरखा घालून फकीर करत, पाच घरची भिक्षा मागवत आणि पिराच्या पंज्यापुढे त्याच्या मनगटाला लाल-पिवळा नाडा बांधत. तो लढाईवर गेल्यापासून अंबुबाई त्याच्या नावाने नाडा बांधून आणून देव्हाऱ्यात ठेवीत. गेल्या वर्षी त्यांनी तो नाडा इजिप्तच्या नाण्याच्या भोकातून ओवून नेला होता. आणि गेल्या वर्षी दसरा आणि मोहरम एका आठवड्यात आले होते. हे म्हैसुरात कोण विसरेल? गुरुवारी दसऱ्याची सवारी निघाली, शनिवारी मोहरमचे पंजे पाण्यावर गेले. हत्तींची लीद अजून रस्त्यावर होती आणि तिच्यावरूनच ताबुतांचे डोले चालले होते. सवारीचे पोलीस तेच, मोहरमचे पोलीस तेच. झेंडूच्या वासात ऊद मिसळला होता. आणि पंज्याला लावलेला नाडा अंबुबाईंच्या हातात परत देताना दस्तगीर सहज म्हणाला होता, "लो वैनी, तेरासो छत्तीस का नाडा." छत्तीस. हिजरी साल मोहरमपासून लागते, म्हणजे पस्तीस ऑक्टोबरातच सरले होते. यरुशलेम पडले डिसेंबराच्या नऊ तारखेला. नाणे खरे होते, साहेबांची बेरीजही खरी होती. फक्त ते शहर एका सालात पडले होते आणि पुस्तकात दुसऱ्या सालात.

दुरुस्ती केली नाही तर कोणाला कळणार होते? कानडी वाचणाऱ्या ख्रिस्ती घरांत हिजरी साल कोण मोजतो? आकडा राहील, साहेब तृप्त मनाने डोंगरावर जातील, आणि भुजंगरावांची झोपही राहील. कारण खरा प्रश्न साहेबांच्या हिशेबाचा नव्हता हे त्यांना दिसत होते. आकडा खोडला की त्याला टेकून ठेवलेला मानाजीही हलणार होता. उलट सव्वीस वर्षांत, चूक आहे हे ठाऊक असून, एकही अक्षर त्यांनी पुढे जाऊ दिले नव्हते. ती काही मोठी नीती नव्हती. हाताची सवय होती. पण त्या सवयीखाली दुसरे काय आहे हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"क्या भुजंगराव," दस्तगीर पलीकडून म्हणाला, "कागद पे माछी बैठी क्या? कब से देखरैं."

"दस्तगीरभाई, या खेपेला बाबय्याचा चांद कधी दिसला होता?"

"तुमारे घट बैठे ना, उसके दूसरे रोज. वैनी पूछने आई थी." मग त्याच्या हातातली पट्टी थांबली. त्याला कानडी वाचता येत नसे. पण हे पुस्तक त्याने तीनदा शिवले होते. त्याने प्रुफाकडे पाहिले, भुजंगरावांकडे पाहिले. "मेरेकू पूछो नक्को," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं. डिसेंबरातच."

"होना क्या? मैं बोलता तो लोगां क्या बोलते? तुरक का दुख है बोलके बोलरा, बोलते." त्याने घडीवर पट्टी ओढली. "दुख था बी. झूट काइकू बोलूं? मगर हिसाब अलग, दुख अलग."

भुजंगरावांनी पेन्सिल उचलली, तेराशे पस्तीसखाली रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह काढले आणि प्रूफ घेऊन ते बंगल्यावर गेले.

साहेब व्हरांड्यात पुस्तके पेटीत भरत होते. त्यांनी प्रूफ डाव्या हाताने घेतले, भिंग धरले. "प्रश्नचिन्ह? माझ्या गणितावर?" त्यांचे कानडी हुणसूरच्या बाजारात शिकलेले, गावरान आणि सुरेख होते.

"गणितावर नाही साहेब, तारखेवर."

"नाण्यावर दोन्ही साले आहेत. तुमच्याच मुलाने पाठवले."

"नाणं उन्हाळ्यात पाडलेलं असेल साहेब. शहर हिवाळ्यात पडलं." मग त्यांनी दसऱ्याचे, पंज्यांचे, नाड्याचे सगळे सांगितले. सांगताना आपला आवाज आपल्यालाच दुसऱ्याचा वाटतो आहे असे त्यांना झाले. साहेबांनी चांगला कान पुढे केला होता. ऐकून झाल्यावर त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले. ऑक्टोबरचे तेरा, नोव्हेंबरचे तीस, डिसेंबरचे नऊ.

"बावन्न दिवस," ते म्हणाले.

व्हरांड्याच्या कौलांवर खार पळाली. साहेबांनी भिंग मिटून खिशात ठेवले. "म्हणजे तुम्ही, हिंदू माणूस, पिराला नवस बोललात, आणि त्यावरून मला दानीएल शिकवता आहात."

"शिकवत नाही साहेब. खूण केली आहे."

साहेब एकदम हसले, इतके की त्यांना खोकला आला. मग बागेतल्या त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले जिथून देवळामागचे थडगे दिसते. प्लेगच्या साली वारलेल्या साहेबांच्या मडमसाहेब तिथे होत्या. "वाचणाऱ्यांना कळायचं नाही साहेब," भुजंगराव न राहवून म्हणाले. आपण कोणाची बाजू मांडतो आहोत हे त्यांनाच उमगेना.

"दस्तगीरला कळेल."

"त्याला कळलेलंच आहे."

"प्रार्थनेत मी मोठ्याने वाचलं तेव्हा तो उभा होता."

"होता."

"आणि काही बोलला नाही." साहेबांनी मान हलवली.  "त्याला सांगा... नको. मीच येईन उद्या. सांगण्यासारखं आहे ते मीच सांगायला हवं." मग प्रूफ परत देत म्हणाले, "मी दोनदा चुकलो होतो, आठवतं ना?"

"दोन्ही वेळा साल मीच बदललंय साहेब."

"तर मग तिसऱ्यांदा बदलू नका. पुस्तक छापायचं नाही. आकड्याची जागा मोकळी ठेवा, पान बांधून फळीवर ठेवा. वाट पाहणाऱ्याला धन्य म्हटलं आहे, पोचल्याची घंटा वाजवणाऱ्याला नाही. हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो आणि स्वतः घंटा वाजवली." त्यांनी पेटीचे झाकण लावले. "मुलाचं पत्र?"

"संक्रांतीनंतर नाही."

"माझ्या आकड्यावर विसंबून राहिला नव्हतात ना, भुजंगराव?"

"थोडा," भुजंगराव म्हणाले.

संध्याकाळी घरी जाताना ते तळ्याकडे वळले नाहीत. देवराज मार्केटजवळून सरळ आले. मोगऱ्याच्या ढिगांवर बायका पाणी शिंपडत होत्या. एक बैलगाडी बेळगोळकडच्या धरणासाठी दगड घेऊन चालली होती आणि तिच्या चाकांची करकर बराच वेळ त्यांच्याबरोबर चालत राहिली. अंबुबाईंना काय सांगायचे ते त्यांनी चारदा जुळवले आणि चारदा मोडले. शेवटी उंबरठ्यावरच, पायांतल्या वहाणा न काढता, ते सगळे बोलून गेले. आकडा चुकला. हिशेब लागत नाही. नदी आटली असे कोणी म्हणू शकत नाही. लढाई कधी संपेल हे कुठेही लिहिलेले नाही.

अंबुबाई सुपातली हुरळी, म्हणजे कुळीथ, निवडत होत्या. त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "अय्यो, एवढंच? मला वाटलं तार आली."

"एवढंच काय? इतके दिवस आपण ज्याच्यावर..."

"आपण? तुम्ही म्हणा."

"तू झोपायला लागलीस की त्या दिवसापासून."

"तुम्ही घोरायला लागलात त्या दिवसापासून," अंबुबाई म्हणाल्या. "तीन वर्षं कुशी बदलत होतात. तुमच्या मारे माझा डोळा लागत नव्हता. साकु, म्हणत होते मी देवाला, पुरे झालं, यांना तरी झोप दे. साहेबांच्या पुस्तकानं का होईना, दिली. बरं झालं." त्या उठल्या, सूप भिंतीला टेकवले. "मी नाडा बांधला तो काय तुमचं एकतिसावं पान वाचून बांधला होता? वहाणा काढा आता. कॉफी ठेवते."

देव्हाऱ्यात चामुंडीच्या तसबिरीच्या खिळ्याला तो नाडा लोंबत होता, भोकाच्या नाण्यासकट. भुजंगराव त्याच्यापुढे उभे राहिले. आकडा नाण्यावर होता तसाच होता, त्याला कोणी खोडले नव्हते. तो काही सांगत नव्हता. वाळूत कुठेतरी आपल्या पोराच्या खिशात असाच हजार हातांतून फिरलेला धातू असेल, घोडी पाणी पीत असेल, किंवा नसेल. जुनी भीती वर आली. ती तशीच होती, इतके दिवस कागदाखाली झाकलेली. पण ती ओळखीची निघाली. तिच्याबरोबर बसून कॉफी पिता येईल असे त्यांना वाटले, आणि प्यायली. आणि त्या रात्री ते घोरले असे सकाळी अंबुबाईंनी सांगितले.

छापखान्यात त्यांनी एकतिसावे पान जुळणीच्या दगडावर घेतले. चिमट्याने एक, तीन, तीन, पाच असे चारही आकडे काढले आणि एकेक खणात टाकले. तिथे आधीच पुष्कळ एक, तीन आणि पाच पडलेले होते. चार आकड्यांच्या रुंदीचे कोरे शिसे त्यांनी मोकळ्या जागेत बसवले, बोटाने दाबून पाहिले. ओळ हलली नाही. तेवढ्यात साहेब आले. भुजंगरावांकडे न बघता ते दस्तगीरच्या टेबलाशी गेले आणि स्टुलावर बसले. काय बोलले ते ऐकू येण्यासारखे नव्हते. बहिरा माणूस इतक्या हळू बोलू शकतो हे भुजंगरावांना ठाऊक नव्हते. दस्तगीरने दोनदा "नै साहेब, नै" म्हटले. साहेब गेल्यावर तो बराच वेळ खळ ढवळत राहिला.

"बांधरैं क्या?" शेवटी त्याने विचारले.

"बांधतोय. दस्तगीरभाई, यंदाचा चांद कधी?"

"दसरे के लगत आना, इस साल बी. काइकू? फिर हिसाब?"

"नाही. तुमच्या वैनीला सांगून ठेवायचं आहे. मानाजी आला की जुने नाडे त्यानंच पाण्यात सोडायचे असतात."

"हौ," दस्तगीर म्हणाला. "चार हो गये उसके."

भुजंगरावांनी दोऱ्याचे तीन वेढे घेतले, टोक चिमट्याने आत खोचले आणि पान कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. मग दुसरे प्रूफ पुढे ओढले. पहिलीच ओळ, तिसरे अक्षर. त्यांनी खूण केली.